गमबूट कोणत्या रकान्यात?

ठाणे खाडीच्या गाळात उतरायचे तर गमबूट हवेत, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. भांडण आहे ते हे बूट संशोधन अनुदानातून घ्यायचे का, आणि घेतलेच तर खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, यावरून. 2015 साली ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. पाणी, गाळ, खेकडे, पक्षी यांवरचे प्रस्ताव इथल्या महाविद्यालयांतून जाऊ लागले आणि हा प्रश्न लेखा विभागाच्या टेबलावर येऊन पडला.

अनुदानाचे हिशेब ज्यांना धरून ठेवतात ते केंद्राचे सामान्य वित्तीय नियम मूळ 1947चे. 1963, 2005 आणि 2017 मध्ये ते सुधारून निघाले. जुन्या आवृत्त्या उकरण्यात फारसे हशील नाही. ओहोटीची वेळ बघून कामाला निघणारा संशोधक ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असेल असे वाटत नाही. 2017च्या नियम 211 मध्ये साठ्याचे हिशेब वेगळे ठेवायला सांगितले आहेत. यंत्रे, उपकरणे, फर्निचर नमुना 22 मध्ये. स्टेशनरी, रसायने, सुटे भाग नमुना 23 मध्ये. दिलेल्या उदाहरणांत बूट कुठेच नाहीत. घोळ इथूनच सुरू होतो.

कॉलेजच्या बोलीत पहिला प्रकार ‘डेड स्टॉक’, दुसरा ‘कन्झ्युमेबल’. प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे कधी अडले नाहीत, कारण ते वापरले की कचऱ्यात जातात. गमबूट मात्र दिसायला दणकट, म्हणून हात आपोआप डेड स्टॉक रजिस्टरकडे जातो. प्रत्यक्षात तिवरांची श्वसनमुळे गाळातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, मधेमधे कालवांच्या धारदार शिंपा. तळवा चिरायला एक-दोन हंगाम पुरतात. आणि अनुदानातून घेतलेली मालमत्ता वरच्या मंजुरीशिवाय मोडीत काढता येत नाही. मी असे एक कपाट पाहिले आहे: पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेले पाच जोड, एकाचाही तळ धड नाही, आणि सगळे निर्लेखनाच्या प्रतीक्षेत. प्रकल्प कधीच संपला होता.

त्याहून चिवट शब्द म्हणजे ‘वैयक्तिक’. नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात आमच्या बिलावर 6 नंबरचे दोन आणि 9 नंबरचा एक जोड असे लिहिलेले होते. ज्या अर्थी माप आहे, त्या अर्थी वस्तू व्यक्तीची आहे, असा लेखापरीक्षकाचा आक्षेप आला. आता बिनमापाचे बूट आणायचे कुठून? गाळात सैल बूट घातला तर पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. याच नियमांतला 21वा नियम सांगतो, की शहाणासुरता माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जी दक्षता घेतो तीच सरकारी पैशाबाबत घ्यावी. लेखापरीक्षक हाच नियम दाखवून तीन जोड कशाला, असे विचारतात. प्रकल्पप्रमुख तोच नियम दाखवून विचारतात, की कोणता शहाणा माणूस पोराला अनवाणी खाडीत पाठवेल. माझे मत कोणाच्या बाजूने आहे हे लपवत नाही.

खर्च कोणी करायचा, हा वादाचा दुसरा पदर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत तो पूर्वीच मिटला: 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 114 प्रमाणे कायद्याने द्यायच्या सोयींसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते. रस्त्यापलीकडे खाडीत उतरणारा विद्यार्थी कामगार नाही, त्यामुळे त्याच्यासाठी असे कलमही नाही. मग सुरक्षा ही संस्थेची जबाबदारी, तिने ओव्हरहेडमधून, म्हणजे अनुदानासोबत संस्थेला मिळणाऱ्या वरखर्चाच्या रकमेतून, पैसे द्यावेत, असा युक्तिवाद होतो. तत्त्वतः तो बरोबर आहे. ओव्हरहेड मात्र वीजबिलात आणि गळक्या छपरात विरून जातो, गाळापर्यंत पोचत नाही. लाइफ जॅकेटची गत आणखी वेगळी. होडी भाड्याची असेल तर ते होडीवाल्याने द्यायचे, असे म्हणून आक्षेप घेतात. होडीवाल्याकडे माणसे सहा आणि जॅकेटे दोन असतात.

2020 नंतर वारे फिरले. पीपीई हा शब्द घराघरांत पोचला आणि मास्क-हातमोज्यांसोबत ‘सुरक्षा साहित्य’ ही ओळही बिलांवर निमूट खपू लागली. कारखाना अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता 2020ची असली तरी लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 पासून. पाठ्यवृत्तीवर राबणारा संशोधक तिच्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बसतो का, यावर आता नवी भांडणे होतील.

मधल्या काळात अनुभवी प्रकल्पप्रमुखांनी आपली वाट काढली आहे. प्रस्तावातच कन्झ्युमेबलखाली बुटांची ओळ घालायची आणि समर्थनाच्या रकान्यात खाडी, गाळ, शिंपा हे तीन शब्द लिहायचे. मंजुरीपत्रात ती ओळ आली की पुढे कोणी विचारत नाही. मागाहून आकस्मिक खर्चातून घेतले, तर हमखास पत्र येते. ज्यांना मागाहूनच घ्यावे लागतात ते दुकानदाराला सांगतात, बिलावर नुसते ‘गमबूट, 3 जोड’ लिही, नंबर टाकू नकोस.