एकखांबी तंबूचा खांब

जुलै २००९. सेंटओएस ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली त्या काळी जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर चालत होती. तिच्या डेव्हलपरांनी एक जाहीर पत्र लिहिलं, तेही आपल्याच एका संस्थापकाला. मथितार्थ असा: तुम्ही दिसेनासे झाला आहात, फोन लागत नाही, प्रकल्पाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एकट्या तुमच्या ताब्यात आहे, जमलेल्या पैशांचा हिशेबही मिळालेला नाही, कृपा करून बोला. काही दिवसांत संपर्क झाला, बोलणी झाली आणि प्रकल्प वाचला.

या सगळ्यात कोड मात्र कुठेही गेला नव्हता. ओपन सोर्सच्या लायसन्सचा अर्थच असा, की कुणीही पूर्ण प्रत उचलून पुढचं काम सुरू करावं. त्याला ‘फोर्क’ म्हणतात. मग घोडं अडतं कुठे? अडतं ते कोडच्या बाहेर: डोमेन, खात्यांचे पासवर्ड, देणग्यांचं खातं आणि नवी आवृत्ती अस्सल असल्याची डिजिटल सही करणारी गुप्त किल्ली. फोर्क काढणारा कितीही हुशार असला, तरी लाखो संगणक अपडेट मागायला जुन्याच पत्त्यावर जातात आणि जुनीच सही ओळखतात. कोडची नक्कल एका आज्ञेत होते, विश्वासाची होत नाही.

असा धोका किती प्रकल्पांना आहे, हे मोजण्याची एक रीत आहे. तिला ‘ट्रक फॅक्टर’ किंवा ‘बस फॅक्टर’ म्हणतात: किती माणसं अचानक ट्रकखाली आली तर प्रकल्प ठप्प होईल? शब्द क्रूर आहे, पण हिशेब उपयोगी आहे. एका पद्धतीत प्रत्येक फाइल कुणी सुरू केली, त्यानंतर तिच्यात कुणी किती बदल केले, यावरून तिचे जाणकार ठरवतात. मग सर्वांत जास्त फाइलींचा जाणकार यादीतून काढायचा, नंतर त्याच्या खालचा, असं करत निम्म्याहून जास्त फाइलींना कुणी वाली उरला नाही की थांबायचं. जितकी माणसं काढावी लागली, तो ट्रक फॅक्टर. २०१६ मध्ये संशोधकांनी १३३ लोकप्रिय प्रकल्प असे तपासले, तेव्हा ६५ टक्क्यांचा आकडा दोन किंवा त्याहून कमी निघाला. म्हणजे बहुतेक एकखांबी तंबू, फार तर दोन खांबी. याच दिशेच्या २०१९ च्या अभ्यासात १,९३२ प्रकल्प होते. त्यांपैकी १६ टक्के प्रकल्पांतून अशी खांब असलेली माणसं खरोखरच निघून गेली होती आणि नवे जाणकार मिळून सावरले ते त्यांतले ४१ टक्के.

या मोजणीला मर्यादाही आहेत. व्हिम हा मजकूर-संपादक बघा. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिला आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ प्रत्येक बदल त्यांच्याच हातून आत गेला. इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्याही बदलांच्या नोंदवहीत त्यांच्याच नावावर चढत. मूळ लेखकाचा उल्लेख सोबतच्या टिपेत असे. नोंदी पाहिल्या तर माणूस एकच दिसायचा. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्राम गेले, तेव्हा त्या टिपांमधली माणसं पुढे आली. वर्षानुवर्षं दुरुस्त्या पाठवणारे ख्रिस्टियन ब्राबांट मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती ब्राम यांना अर्पण केली गेली. व्हिम उघडल्यावर पहिल्या पडद्यावर आजही त्यांचं नाव दिसतं, आणि दर वेळी ते पाहून मला बरं वाटतं.

मृत्यू निदान दिसतो. मला खरी भीती वाटते ती हळूहळू विझत जाण्याची, कारण त्याची बातमी होत नाही. एक्सझेड ही फाइली लहान करणारी छोटी प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि ती अनेक वर्षं मुख्यत्वे एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये तो थकलेला होता, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. तेव्हा काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली: कामाला उशीर होतोय, दुसऱ्याच्या हाती द्या. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावानं वावरणारं कुणीतरी मन लावून मदत करत होतं. सुमारे दोन वर्षं चोख काम करून त्यानं विश्वास कमावला, आवृत्त्या प्रकाशित करण्याचा अधिकार मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा, म्हणजे बाहेरून गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवला.

तो सापडला कसा, हे ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचे डेव्हलपर वेगळ्याच कामासाठी संगणकाचा वेग मोजत होते. दुसऱ्या संगणकात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, माग एक्सझेडपर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारा प्रकार उघड केला. तोवर ही आवृत्ती बहुतेक लिनक्समध्ये फक्त चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचली होती. त्या थकलेल्या मेंटेनरला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या कामावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या होत्या आणि त्याच्या शेजारी कुणीच उभं नव्हतं.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या वाट्याला मात्र वेगळा निरोप आला. ‘उद्या ग्विडोला बसनं धडक दिली तर?’ हा भाषेच्या जनकाबद्दलचा प्रश्न तिच्या मंडळींत १९९४ मध्येच विचारला गेला होता. १२ जुलै २०१८ रोजी ग्विडो व्हॅन रॉसम धडधाकट असताना स्वतःहून नेतेपदावरून उतरले आणि वारसही नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. महिनोन्‌महिने वाद चालले, वेगवेगळे मसुदे आले, मतदान झालं. त्यातून पाच जणांचं निवडून येणारं मंडळ ठरलं. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनापेक्षा जास्त सदस्य त्यात असता कामा नयेत, हा नियमही आला. २०१९ च्या पहिल्या मंडळावर खुद्द ग्विडोही निवडून आले. पाचांतले एक म्हणून ते बसले आणि पुढच्या निवडणुकीतून त्यांनी आपलं नाव मागे घेतलं.