फ्रीजमधली भाकरी कडक का होते?

जळगाव-धुळ्याकडे एक समज पक्का आहे: कळण्याची (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची) भाकरी पाणी उडाल्यानं कडक होते, म्हणून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. अर्धं खरं आहे. पण पाणी आतच राहिलं तरी भाकरी कडक होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसिंगो यांनी 1852 मध्ये हवाबंद ठेवलेल्या पावावर हेच दाखवलं होतं.

खरा खेळ स्टार्चच्या, म्हणजे पिठातल्या पिष्टाच्या, साखळ्यांचा. उकळतं पाणी आणि तापलेला तवा मिळाला की ज्वारीच्या स्टार्चचे कण साधारण 70 अंशांच्या आसपास फुगतात, साखळ्या मोकळ्या होतात. थंड होताना त्या पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट रचल्या जातात. त्यातल्या सरळ साखळ्या, म्हणजे अमायलोज, काही तासांतच; फांद्या फुटलेल्या, म्हणजे अमायलोपेक्टिन, मात्र सावकाश, दिवसांच्या हिशेबानं. ही रचना सर्वांत वेगानं होते ती 4 अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकी फ्रीजमध्ये!

अमायलोपेक्टिनची रचना 60 अंशांच्या आसपास सुटते. म्हणून पाण्याचा हबका मारून, तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर गरम केलं की भाकरी मऊ होते. अमायलोजची गाठ तव्यावरच्या वाफेला दाद देत नाही, त्यामुळे ताजेपणा पूर्ण परतत नाही. गार झाली की पुन्हा कडक, तेव्हा लगेच खावी.

त्याच दिवशी खायची तर कापडात गुंडाळून बाहेरच ठेवा. मे महिन्यात मात्र रात्रभर बाहेर नको, आंबते. उद्यासाठी हवी तर थेट फ्रीजरमध्ये, तिथल्या गोठत्या थंडीत ही रचना जवळजवळ थांबते. उघडी राहून खडखडीत वाळलेली असेल तर नुसत्या आचेनं काही होणार नाही. ती दुधात कुस्करा.