राजीनामा आधी कोण मागणार?

६ डिसेंबर २०१७. अमेरिकी सिनेटमधले मिनेसोटाचे डेमोक्रॅटिक सदस्य अल फ्रँकन यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा पहिला जाहीर आरोप होऊन तीन आठवडे होत आले होते. त्यानंतर एकेक करत आणखी महिला पुढे आल्या. तरीही या तीन आठवड्यांत त्यांच्या पक्षाच्या एकाही सिनेटरनं राजीनामा मागितला नव्हता. ‘आरोप गंभीर आहेत, नीती समितीनं चौकशी करावी’ इथपर्यंतच सगळ्यांची गाडी येऊन थांबत होती. त्या बुधवारी सकाळी आणखी एक आरोप प्रसिद्ध झाला आणि न्यूयॉर्कच्या कर्स्टन गिलिब्रँड यांनी फेसबुकवर लिहिलं, की फ्रँकन यांनी पायउतार व्हावं. काही मिनिटांतच पक्षाच्या इतर महिला सिनेटरही तेच म्हणू लागल्या. दिवस संपेपर्यंत राजीनामा मागणाऱ्यांचा आकडा तिसाच्या वर गेला. दुसऱ्या दिवशी फ्रँकन यांनी सभागृहात राजीनामा जाहीर केला. काही आरोप साफ खोटे आहेत आणि काही प्रसंग आपल्याला वेगळे आठवतात, असं ते त्या भाषणातही म्हणाले.

तीस-बत्तीस मुरलेल्या राजकारण्यांची सदसद्विवेकबुद्धी एकाच दिवशी, एकाच वेळी जागी झाली हे काही पटत नाही. आदल्या दिवशी जे माहीत होतं त्यात फार मोठी भर पडलेली नव्हती. मग बदललं काय?

अशा प्रकरणांत आपल्याकडचं ठरलेलं स्पष्टीकरण म्हणजे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’. मानसशास्त्राकडे त्याला भरभक्कम पुरावा आहे. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी शिक्षणसंस्थांमध्ये फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथचे नियमभंग आपल्या संघाच्या दुपटीहून जास्त दिसले. डार्टमथच्या मुलांना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसल्या. फिल्म एकच होती. पुढे १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ झिवा कुंडा यांनी या प्रवृत्तीची नेमकी मांडणी केली. माणूस सोयीच्या निष्कर्षाकडे जातो, पण डोळे मिटून जात नाही. आपण निःपक्षपाती आहोत असं स्वतःलाही वाटावं इतपत कारणं तो वाटेत गोळा करतो.

लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांबाबतही मतदारांमध्ये हेच दिसतं. समारा क्लार आणि अलेक्झांड्रा मकॉय यांच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांनी आपल्या पक्षाच्या नेत्याला झुकतं माप दिलं. मी-टू चळवळीमुळे ते काहीसं कमी झालं, इतकंच. आणि तत्त्वं तरी कुठे जागची हलत नाहीत? पीआरआरआय या सर्वेक्षण संस्थेनं २०११ मध्ये अमेरिकनांना विचारलं होतं, की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकेल का? गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांपैकी फक्त ३० टक्के ‘हो’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे ट्रम्प त्यांचे उमेदवार झाल्यावर, तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी ७२ टक्के ‘हो’ म्हणाले. पाच वर्षांत धर्मग्रंथात काही फेरफार झाल्याचं ऐकिवात नाही.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण हे स्पष्टीकरण मतदारांना जितकं लागू पडतं तितकं नेत्यांना पडत नाही. ते गृहीत धरतं, की आपल्या माणसावरचा आरोप लोकांना खोटा वाटतो, म्हणून ते त्याची पाठराखण करतात. त्याच २०१७ च्या नोव्हेंबरात अलाबामात जे घडलं ते या चौकटीत बसत नाही.

तिथे सिनेटच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक होती आणि रिपब्लिकन उमेदवार होते माजी न्यायाधीश रॉय मूर. ९ नोव्हेंबरला ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं चार महिलांच्या हकिकती छापल्या. १९७९ मध्ये मूर बत्तीस वर्षांचे असताना त्यांनी आपल्याशी लैंगिक चाळे केले, असं एकीचं म्हणणं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मूर यांनी सगळं नाकारलं. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल त्या दिवशी म्हणाले, आरोप खरे असतील तर मूर यांनी बाजूला व्हावं. चार दिवसांनी ते म्हणाले, ‘माझा त्या महिलांवर विश्वास आहे.’ आणि ३ डिसेंबरला म्हणाले, निर्णय अलाबामाची जनता घेईल. पक्षाच्या राष्ट्रीय समितीनं मूर यांची रसद तोडली होती. ४ डिसेंबरला ट्रम्प यांनी उघड पाठिंबा दिल्यावर ती पुन्हा सुरू केली. तीन आठवड्यांत बाईंच्या हकिकतीतलं एक अक्षरही खोटं ठरलेलं नव्हतं. फक्त निवडणूक जवळ आली होती. अलाबामाच्या कायद्यानुसार मतदानाला ७६ दिवसांपेक्षा कमी उरले की मतपत्रिकेवरचा उमेदवार बदलता येत नाही, त्यामुळे मूर नकोत म्हणजे जागाच नको, असा तो हिशेब होता.

हा हिशेब राज्याच्या गव्हर्नर के आयव्ही यांनी सगळ्यांत स्वच्छ शब्दांत मांडला. या महिलांवर अविश्वास दाखवायला माझ्याकडे काही कारण नाही, असं त्या म्हणाल्या आणि त्याच दमात मत मूर यांनाच देणार असल्याचंही सांगून मोकळ्या झाल्या; सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांसाठी सिनेटमध्ये रिपब्लिकन हवेत म्हणून. यात स्वतःची फसवणूक नाही, आकडेमोड आहे. मला तरी हे विधान शंभर गुळमुळीत निवेदनांपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं, कारण बाकीचे जे मनात ठेवतात ते त्यांनी बोलून दाखवलं.

तोच हिशेब फ्रँकन यांच्या बाबतीत उलटा होता. मिनेसोटाचे गव्हर्नर डेमोक्रॅट होते आणि रिकामी जागा तेच भरणार होते. फ्रँकन गेले, टीना स्मिथ आल्या, पक्षाचं संख्याबळ तसूभरही घटलं नाही. शिवाय अलाबामात मतदान सहा दिवसांवर आलं होतं आणि मूर यांच्यावर बोट रोखायचं तर आधी आपलं घर साफ दिसायला हवं होतं.

पण जागेची किंमत हेही पूर्ण उत्तर नाही. १९९५ मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप असलेले ओरेगनचे रिपब्लिकन सिनेटर बॉब पॅकवुड यांना हाकलून द्यावं, अशी शिफारस नीती समितीनं सहा विरुद्ध शून्य मतांनी केली. समितीचे अध्यक्ष होते, पुन्हा तेच, मिच मॅकॉनेल. पॅकवुड यांनी राजीनामा दिला. ओरेगनात जागा नेमणुकीनं भरत नाहीत, पोटनिवडणूक होते. ती १९९६ च्या जानेवारीत झाली आणि डेमोक्रॅट रॉन वायडन जिंकले. म्हणजे इथे जागा जाण्याचा धोका पत्करून आपल्या माणसावर कुऱ्हाड चालवली गेली.

याचा धागा बेल्जियममधल्या एका प्रयोगात सापडतो. १९८८ मध्ये मार्केस, इझरबिट आणि लेयन्स यांनी बेल्जियन विद्यार्थ्यांना बेल्जियन आणि उत्तर आफ्रिकी विद्यार्थ्यांबद्दल मत द्यायला सांगितलं. भल्या माणसाच्या बाबतीत आपल्यातल्याला जास्त गुण मिळाले, हे अपेक्षितच होतं. वाईट माणसाच्या बाबतीत मात्र आपल्यातल्यालाच परक्यापेक्षा कमी गुण मिळाले. मानसशास्त्रात हा ‘काळ्या मेंढीचा परिणाम’ म्हणून ओळखला जातो. आपल्यातला कुणी सगळ्यांचं नाव घालवतोय असं वाटलं, की गट त्याला परक्यापेक्षा कठोरपणे बाहेर काढतो. नंतर नॉर्बर्ट कर आणि सहकाऱ्यांनी लुटूपुटूच्या ज्यूरींवर प्रयोग केले तेव्हा यातली मेख कळली. पुरावा कच्चा असेल तर लोक स्वधर्मीय आरोपीला सांभाळून घेतात. पुरावा पक्का असेल तर पारडं उलटू शकतं.

पॅकवुड प्रकरणात पहिली बातमी आली १९९२ च्या नोव्हेंबरात. जवळपास तीन वर्षं पक्षानं कळ काढली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सुनावणीचा प्रस्तावही सिनेटनं ५२ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला. पण पॅकवुड यांना रोजनिशी लिहायची सवय होती. हजारो पानांच्या त्या नोंदी समितीच्या हाती आल्या होत्या आणि त्यांत फेरफार केल्याचंही उघड झालं होतं. त्यामुळे ‘खरे असतील तर’ म्हणायची सोय उरली नाही. हेच पॅकवुड तोवर स्त्रियांच्या हक्कांचे खंदे समर्थक मानले जात. १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या नेमणुकीविरुद्ध मत देणाऱ्या दोनच रिपब्लिकनांपैकी ते एक होते.

हे कळलं की ‘चौकशीअंती सत्य बाहेर येईल’, ‘कायदा आपलं काम करेल’ ही वाक्यं वेगळी ऐकू येतात. चौकशी हवीच, त्यात वाद नाही. पण चौकशीची मागणी आणि चौकशी यांच्यामधला जो काळ असतो, त्यात पुरावा अधिकृतपणे कच्चा राहतो आणि कुणालाही काळी मेंढी ओळखावी लागत नाही.

आता ६ डिसेंबरकडे वळू. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एक साधं गणित मांडलं. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड उचलेल, दुसरा, एकानं उचलला तर, तिसरा, दोघांनी उचलला तर, असं शंभराव्यापर्यंत. दंगल पूर्ण पेटेल. आता फक्त दुसऱ्या माणसाच्या जागी दोघांची वाट पाहणारा आणखी एक आणून उभा करा. पहिला दगड मारेल आणि पुढे काहीच होणार नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, एक जमाव माथेफिरूंचा आणि दुसरा सज्जनांचा. फरक एका माणसाचा आहे. फ्रँकन यांच्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी आपलं मत आधीच बनवलं असावं. थांबलं होतं ते कुणीतरी आधी बोलण्यासाठी.

लंडनमध्ये २०२२ साली याचीच आवृत्ती निघाली. २९ जूनच्या रात्री कार्लटन क्लबमध्ये हुजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद ख्रिस पिंचर यांनी दोन पुरुषांशी लगट केल्याचा आरोप झाला. (त्याच रात्री मुंबईत उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, त्यामुळे मराठी वाचकांचं लक्ष लंडनकडे असणं शक्य नव्हतं.) सदस्यांना शिस्त लावायची ती प्रतोदानं, आणि आरोप त्याच्यावरच. आपण खूप दारू प्यायलो होतो असं सांगत पिंचर यांनी पद सोडलं, तेव्हा विषय मिटला असंच सरकारचं धोरण दिसत होतं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना आधीच्या तक्रारींची कल्पना नव्हती, असं सांगायला मंत्री टीव्हीवर जात राहिले. ५ जुलैला परराष्ट्र खात्याचे माजी सचिव सायमन मॅकडोनाल्ड यांनी पत्र प्रसिद्ध करून सांगितलं, की जॉन्सन यांना प्रत्यक्ष भेटून माहिती देण्यात आली होती. त्याच संध्याकाळी अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद मंत्रिमंडळातून बाहेर पडले, मग रांग लागली आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी नेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं. पिंचर यांच्या वर्तनानं जे झालं नाही ते आपण टीव्हीवर तोंडघशी पडल्याच्या रागानं झालं, हे माझं मत.

आधी बोलणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते. २०१९ मध्ये गिलिब्रँड अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या तेव्हा पक्षाच्या बड्या देणगीदारांनी फ्रँकन प्रकरणाचा राग धरून हात आखडता घेतला. त्याच वर्षी सात आजी-माजी सिनेटरांनी राजीनामा मागितल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. नीती समितीच्या चौकशीची वाट पाहायला हवी होती, असं त्यांना आता वाटत होतं. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण मागणी केली तिसाहून अधिक जणांनी आणि नाव चिकटलं एकीला.

म्हणून काही ठिकाणी निर्णय सहकाऱ्यांच्या हातून काढून घेण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकी काँग्रेसमध्ये २०१८ पर्यंत तक्रारदार कर्मचाऱ्याला आधी समुपदेशन, मग मध्यस्थी आणि मग महिनाभर ‘डोकं थंड’ करण्याची मुदत, एवढं पार करावं लागे. तडजोडीची रक्कमही सरकारी तिजोरीतून जाई. त्या डिसेंबरात कायदा बदलला, ते टप्पे गेले आणि छळाच्या तडजोडीचे पैसे सदस्याच्या खिशातून वसूल होऊ लागले.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पण पक्ष आणि त्याचे सदस्य यांच्यात मालक-नोकर असं नातं नसल्यामुळे राजकीय पक्षांवर अंतर्गत समिती नेमण्याचं बंधन नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. पोलीस ठाण्याचा रस्ता खुला आहेच. तो नको असेल तर कार्यकर्तीची तक्रार पक्षाच्याच पदाधिकाऱ्यांपुढे जाते, आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट कुणाला द्यायचं हेही बहुतेकदा तीच माणसं ठरवत असतात.