पक्षिगान आणि सीमापार कला

पक्षिगान आणि सीमापार कला : पक्ष्यांचे आवाज आणि त्या आवाजांभोवती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या गोष्टी, गाणी, समजुती यांच्या आधाराने वेगवेगळ्या देशांतील किंवा भाषांतील लोकांनी मिळून केलेली कलानिर्मिती. तिच्यात संगीताचा वाटा सर्वांत मोठा. त्याखालोखाल ध्वनिमुद्रण, ध्वनिमांडणी, गायनाचे प्रयोग. एकट्या संगीतकाराने कोकिळेची हाक सुरावटीत बसवली, तर ती कलाकृती या सदरात धरत नाहीत. दोन ठिकाणची माणसे आणि त्यांच्या दोन तऱ्हेच्या आठवणी एकत्र येणे इथे महत्त्वाचे.

‘पाखरांना सीमा नसतात’ हे वाक्य अशा प्रकल्पांच्या पत्रकांत हमखास सापडते. ते अर्धेच खरे आहे. नर गातो तो मादीला बोलावण्यासाठी, तसाच शेजारच्या नराला ‘ही हद्द माझी’ असे बजावण्यासाठी. त्याचे गाणे हेच त्याचे कुंपण. शिवाय बहुतेक गाणारे पक्षी गाणे मोठ्यांचे ऐकून शिकतात, त्यामुळे एकाच जातीत ठिकठिकाणी बोली पडतात. पीटर मार्लर आणि मिवाको तामुरा यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘व्हाइट क्राउन्ड स्पॅरो’ या चिमणीवर्गीय पक्ष्याच्या अशा बोली नोंदवल्या. थोड्या मैलांच्या अंतरावर तिचे गाणे बदललेले होते. सीमा ओलांडते ती पाखराच्या आवाजाला माणसाने लावलेली गोष्ट, आणि तीही ओलांडताना बरीच बदलते.

पाखराच्या तोंडी घातलेले शब्द : पावशाची हाक ठरावीक तुकड्याची. तोच तुकडा पुन्हापुन्हा, दर वेळी थोडा वर चढत, शेवटी गळा फाटल्यासारखा अचानक थांबतो. या एकाच हाकेत मराठी माणसाला ‘पेरते व्हा’ ऐकू येते, हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’, बंगाली भाषकाला ‘चोख गेलो’ म्हणजे ‘डोळा गेला’. उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबाने तिला ‘ब्रेनफीवर’ म्हटले. शेतकरी, विरहिणी, आंधळा आणि तापाने फणफणलेला परदेशी असे चौघे एकाच झाडाखाली उभे असावेत, तसा हा प्रकार आहे. पावशाचाच भाऊबंद असलेल्या ‘इंडियन कुकू’ची हाक चार सुरांची. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश या दोन्हीकडे ती ‘बउ कथा कओ’, म्हणजे ‘सूनबाई, बोल ना’, अशी ऐकतात. कुमाऊँत आणि नेपाळात मात्र तिच्यात काफल या डोंगरी फळाचे नाव ऐकू येते: ‘काफल पाको’, ‘काफल पाक्यो’. काफल पिकले.

कुमाऊँतील कथा अशी. आईने टोपलीभर काफल लेकीच्या हवाली केले आणि ती कामाला गेली. उन्हाने फळे सुकून टोपली उणी दिसू लागली. पोरीने खाल्ली असे वाटून आईने तिला मारले आणि त्यातच ती गेली. पुढे पावसाने फळे फुगली, टोपली पुन्हा भरली. तेव्हापासून ती पोर पाखरू होऊन सांगत फिरते: काफल पिकले, मी चाखले नाही.

पापुआ न्यू गिनीच्या बोसावी भागातील कालुली लोकांची कथा याच्या शेजारी ठेवून वाचावी. बहीण-भाऊ ओढ्यावर झिंगे धरायला जातात. बहिणीला पुष्कळ मिळतात, भावाला एकही नाही. तो मागतो, ती देत नाही. शेवटी हाती लागलेला लाल कवचाचा एक झिंगा तो नाकावर बसवतो, हातांचे पंख होतात आणि तो ‘मुनी’ नावाचे कबूतरवर्गीय पाखरू होऊन, बहिणीला हाका मारत उडून जातो. मुनीची हाक वरून खाली उतरणारी आहे. कालुलींचे रडणे आणि त्यांची शोकगीते त्याच उतरत्या चालीवर चालतात. पाखरे हा त्यांच्या लेखी मेलेल्या माणसांचा आवाज. या दोन समाजांची एकमेकांशी गाठ पडली असण्याची शक्यता नाही. तरीही खाण्याचा नकार, नंतर पाखरू आणि मग न थांबणारी तक्रार हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीव्हन फेल्ड १९७६ साली बोसावीत गेले. त्यांचे काम या क्षेत्रात वारंवार दाखल्यादाखल दिले जाते, ते त्यांच्या पद्धतीमुळे. मुद्रित केलेले आवाज त्यांनी कालुलींनाच परत ऐकवले आणि कोणता आवाज पुढे हवा, कोणता मागे, हे त्यांच्या कानाने ठरवले. जंगलातला एक दिवस तासाभरात ऐकवणारी त्यांची ध्वनिमुद्रिका १९९१ मध्ये निघाली. तिचे उत्पन्न बोसावीच्या लोकांसाठी काढलेल्या निधीकडे वळवण्यात आले.

शब्द एकटाच सीमा ओलांडतो आणि पाखरू मागे राहते, असेही होते. फार्सी आणि तुर्की काव्यातील ‘बुलबुल’ म्हणजे नाइटिंगेल. तो पक्षी भारतात वस्तीला नसल्याने इथे ते नाव डोक्यावर तुरा मिरवणाऱ्या वेगळ्याच पक्ष्याला चिकटले. गझलेतला गुलाबावर जीव टाकणारा बुलबुल आणि कुंपणावर बसून फळे टोचणारा आपला बुलबुल यांचे नाते फक्त नावापुरते आहे.

याउलट कुरजा, म्हणजे करकोचाची एक लहान जात, स्वतःच दरवर्षी सीमा ओलांडते. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालयावरून येणारे तिचे थवे राजस्थानात खीचन येथे हजारोंच्या संख्येने उतरतात. राजस्थानी लोकगीतात दूर गेलेल्या नवऱ्याला निरोप पोचव म्हणून बाई कुरजेची विनवणी करते. सिंधचे सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) यांच्या ‘सुर डहर’ या काव्यप्रकरणात हीच ‘कूंज’ आपल्या थव्यापासून तुटण्याच्या भीतीने हाका मारते. फाळणीनंतर भिटाईंची दर्गा पाकिस्तानात राहिली. त्यांच्या रचना कच्छमध्ये ‘वाई’ हा गीतप्रकार गाणाऱ्यांच्या गळ्यात आजही आहेत.

गर्लिट्‌सची छावणी : या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेली कलाकृती जर्मनीतील गर्लिट्‌स शहराजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत घडली. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. त्याआधी फ्रान्समधील व्हर्दन भागात पहाऱ्यावर असताना ते आणि चेलोवादक एतिएन पास्किए पहाटेचे पक्षी ऐकत असत: आधी एखादीच हाक, मग दुसरी, मग सगळे रान. क्लॅरिनेटवादक आंरी आकोका यांच्यासाठी लिहिलेला ‘पक्ष्यांची दरी’ हा भाग आकोकांनी पहिल्यांदा उघड्या मैदानात वाजवून पाहिला, तेव्हा पास्किए स्वरलिपीचा कागद हातात धरून उभे होते. पुढे हा भाग ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ या आठ भागांच्या रचनेत गेला. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत ‘श्टालाग आठ-ए’ या छावणीच्या एका बराकीत कैदी आणि पहारेकरी यांच्यासमोर तिचा पहिला प्रयोग झाला. श्रोते पाच हजार होते, चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियां पुढे सांगत. श्रोते काही शेच होते असे अभ्यासक मानतात, आणि तारा चार होत्या असे स्वतः पास्किए हसून सांगत.

पहिल्या भागात क्लॅरिनेट ब्लॅकबर्ड होतो आणि व्हायोलिन नाइटिंगेल. पियानोत मात्र पक्षी नाही. त्यात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल जोडून केलेली १७ मात्रामूल्यांची माळ २९ स्वरसंघातांच्या (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या) माळेवर सतत फिरत राहते. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या असल्याने दोन्ही माळांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला फार वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी भाग संपतो. हे ताल मेसियांना एका फ्रेंच संगीतकोशातील कोष्टकात सापडले होते. त्या कोष्टकाचे मूळ शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त, म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिलेल्या ग्रंथात आहे. देवगिरीचे ताल, युरोपातल्या पहाटेचे पक्षी आणि जर्मन छावणीतले फ्रेंच कैदी असे तीन धागे पाच विद्वानांनी बसून ठरवले असते, तर ते जुळले नसते. मेसियांनी भारतीय अर्थाने ‘ताल’ वाजवला असे मात्र म्हणता येत नाही. ठेका नाही, सम नाही. त्यांनी घेतली ती निव्वळ लांबी-आखूडपणाची आकृती.

युद्धानंतर जर्मनी-पोलंड सीमा नायसे नदीवर आली आणि छावणीची जागा पोलंडमधील झ्गोझेलेत्समध्ये गेली. नदीच्या दोन्ही तीरांवरील लोकांनी चालवलेल्या उपक्रमातून तिथे स्मृतिकेंद्र उभे राहिले असून १५ जानेवारीला त्याच जागी ही रचना वाजवली जाते.

ध्वनिमुद्रण आणि अलीकडचे प्रयोग : पक्षिगानाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने मुद्रण १८८९ मधील मानले जाते. जर्मनीत आठ वर्षांच्या लुडविग कॉख या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर ते केले, आणि त्यातला पक्षी आहे पिंजऱ्यात पाळलेला भारतीय शामा. हा मुलगा ज्यू होता. १९३६ मध्ये त्याला देश सोडून ब्रिटनला जावे लागले आणि तिथे बीबीसीवर पक्ष्यांचा आवाज घरोघर पोचवणारा माणूस म्हणून तो नावाजला. फिनलंडचे आयनोयुहानी राउतावारा यांनी १९७२ मध्ये उत्तरेकडील दलदलीतील मुद्रित पक्षी आणि वाद्यवृंद यांची जोड घातली, पण तिथे पक्षी ठरल्याप्रमाणे वाजतो. जिवंत पक्ष्यासोबत बसण्याची तऱ्हा निराळी. अमेरिकन क्लॅरिनेटवादक डेव्हिड रॉथेनबर्ग आणि तुर्की वंशाचे इलेक्ट्रॉनिक संगीतकार कोर्हान एरेल यांनी बर्लिनच्या बागांत रात्री नाइटिंगेलसमोर बसून वादन केले. पुढे ‘उद’ हे तंतुवाद्य वाजवणारे स्थलांतरित अरबी वादकही या बैठकांत आले. नाइटिंगेल हिवाळा आफ्रिकेत काढून तिथे पोचलेला असतो. तो साथ देतो की ‘हद्द सोडा’ म्हणतो, यावर वादकांत एकमत नाही. लॅटिन अमेरिकेत २०१५ पासून निघालेल्या एका संग्रहमालेत प्रत्येक संगीतकार धोक्यात आलेल्या एकेका पक्ष्याचा आवाज घेऊन रचना करतो आणि विक्रीचे पैसे पक्षिसंवर्धनाकडे जातात. अशा संग्रहांचा हेतू निर्विवाद चांगला असला, तरी त्यातील काही तुकड्यांत पक्षी ठेक्यावरच्या नक्षीपुरता उरतो.

वादाचे मुद्दे दोन. विणीच्या काळात मुद्रित हाक मोठ्याने वाजवली की नर आपल्या हद्दीत घुसखोर आला असे समजून घरट्याचे काम सोडतो; म्हणून अनेक निसर्गराखीव क्षेत्रांत अशा वादनाला मनाई आहे. दुसरा मुद्दा श्रेयाचा. हाक कोणाच्याच मालकीची नसली, तरी तिची कथा सांगणारी माणसे असतात, आणि आवरणावर नाव बहुधा मुद्रण करणाऱ्याचे येते.

न्यूझीलंडच्या हुइआ पक्ष्याचे उदाहरण याला अपवाद म्हणून सांगतात. त्याची पांढऱ्या टोकाची शेपटीची पिसे माओरी प्रमुख डोक्यात खोवत. हा पक्षी शेवटचा खात्रीने दिसला १९०७ मध्ये. जिवंत असताना त्याचा आवाज कोणी मुद्रित केला नाही. १९०९ च्या शोधमोहिमेत हेनारे हामाना हे माओरी गृहस्थ होते, कारण शीळ घालून हुइआला जवळ बोलावण्याची कला त्यांना अवगत होती. पक्षी आला नाही. चाळीस वर्षांनी रॉबर्ट बॅटली यांनी त्यांना ध्वनिमुद्रणासाठी बसवले. बॅटली इंग्रजीत माहिती सांगतात, मध्येच हामाना शीळ घालतात: आधी नराची, मग मादीची. हुइआचा आवाज म्हणून आज जो ऐकवला जातो, तो हामानांच्या ओठांचा आहे.