मास्तर द्या: गावाच्या सर्वात जुन्या मागणीची पार्श्वभूमी

जून उजाडला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली. पालकांनी जिल्हा परिषद शाळेला टाळं ठोकलं, नाहीतर पोरांना घेऊन जाऊन जिल्हा परिषदेच्या आवारातच शाळा भरवली. मागणी एकच असते, शिक्षक द्या. शिक्षक नेमणं गावाच्या हातात का नाही, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड नावाचा जादा कर वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे शाळेला पैसा शेतकरी पुरवत होता. 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी यावरच बोट ठेवलं: पैसा रयतेचा आणि लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणाला. त्यांच्या मागण्या आजही ओळखीच्या वाटतात. वयाच्या किमान 12 वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची जुजबी माहिती. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान 12 रुपये पगार. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रसंगी नांगर धरायला न लाजणारा. गावात मिसळणारा मास्तर हवा, ही अपेक्षा तेव्हापासूनची.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. ब्रिटिश मुलखात 1923 च्या कायद्याने शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवल्या. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा जुन्या माणसांच्या तोंडचा शब्द त्या काळातला. पुढे 1947 चा कायदा आला, आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. गावाला आपल्या आवाक्यातली संस्था मिळाली खरी, पण मास्तरच्या नेमणुकीचा कागद जिल्ह्याच्या ठिकाणीच निघत राहिला. आता भरती पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवरून आणि बदल्याही ऑनलाइन होतात, त्यामुळे तो कागद आणखी लांब गेला आहे.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. समितीत 75 टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि सचिव मुख्याध्यापक. समितीने तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करायचा, त्यात इयत्तावार पट, लागणारे शिक्षक, खोल्या आणि वाढीव खर्च मांडायचा. बहुतेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि बाकीचे सह्या करतात. समितीच्या हाती प्रत्यक्षात उरतं ते संयुक्त शाळा अनुदान: 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये, 101 ते 250 ला 50,000. वीजबिल, खडू, डागडुजी सगळं त्यातच, आणि किमान 10 टक्के स्वच्छतेवर.

गणवेशाचं उदाहरण बोलकं आहे. दोन जोडांचे 600 रुपये समितीकडे येत आणि ओळखीच्या शिंप्याकडून, पोराचं माप घेऊन कपडे होत. 2024-25 ला राज्यभर एकच कापड आणून बचत गटांमार्फत शिवून घ्यायचं ठरलं. मापं चुकली, कपडे उशिरा आले, आणि वर्ष संपायच्या आतच हा अधिकार पुन्हा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला.

शिक्षकांचं गणित मात्र 30 सप्टेंबरच्या पटावर बसतं. त्या दिवशीच्या संख्येवरून संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं याची मंजुरी, होते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. एका पोरामुळे एक पद येतं किंवा जातं. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही, तर वर्गात बसलेलं पोर मोजणीतून गळतं. म्हणून जूनमध्ये टाळं ठोकण्यापेक्षा आधीच्या सप्टेंबरात आधार तपासून घेणं जास्त उपयोगी पडतं. ‘शिक्षक कमी आहेत’ अशा मोघम ठरावावर कार्यालयात काहीच हलत नाही. ठरावात मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणतं पद कधीपासून रिकामं आणि इयत्तावार पट किती, हे आकडे हवेत. दोनशिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पहिली ते चौथी एकाच फळ्यासमोर बसतात, हेही नोंदवावं.

दुसरी जुनी मागणी पाचवीच्या वर्गाची. राज्यात चौथीपर्यंत प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल अशी घडी होती. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक पाचवीपर्यंत नेलं. वर्ग गावात जोडला की हायस्कूलची पटसंख्या घटते आणि तिथले शिक्षक अतिरिक्त ठरतात, म्हणून ओढाताण आजही चालू आहे.

लहान वस्त्यांची मागणी याहून साधी: शाळा राहू द्या. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा हलवायचं ठरलं होतं. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका ठिकाणी आणण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. तोरणमाळ आणि पानशेतच्या अशा शाळांचे दाखले दिले गेले. नियमाने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण नकाशावरचा किलोमीटर सरळ रेषेत मोजला, तर मधला ओढा आणि घाट त्यात दिसत नाही. समूह शाळेच्या गाडीबद्दल वस्त्यांतून पहिला प्रश्न येतो तो पावसाळ्याचा: रस्ता बंद झाला, तर पहिलीतलं पोर आणणार कसं?