धुराड्याचा हिशेब

दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि मराठवाड्याच्या ऊसपट्ट्यातल्या चिमण्या पुढचे चार-पाच महिने धूर सोडत राहतात. रोज अडीच हजार टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. एका टनातून साधारण २८० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, निघते, म्हणजे दिवसाला ७०० टन. यातले बहुतेक बॉयलरमध्ये जळते आणि ताशी सुमारे एक लाख घनमीटर वायू चिमणीतून बाहेर पडतो. साखर कारखान्यांना २०१६ पासून धूलिकणांची मर्यादा आहे घनमीटरला १५० मिलिग्रॅम. ही मर्यादा काटेकोर पाळली तरी ताशी १५ किलो, दिवसाला ३६० किलो आणि १२० दिवसांच्या हंगामात ४३ टन धूळ आसपासच्या शिवारावर जाते. मर्यादा दुप्पट ओलांडली तर ८६ टन. म्हणून तो १५० चा आकडा खरा आहे की नाही, हे चिमणीच्या सावलीत राहणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवे.

आकडा कळवणे कारखान्याच्या मर्जीवर नाही. १९८१ च्या हवा कायद्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि कोणत्या चिमणीतून काय, किती सोडायचे व किती वेळा मोजायचे हे त्यातच लिहिलेले असते. शिवाय ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत ‘नमुना पाच’मध्ये भरावे लागते. त्याच्या ‘क’ भागात प्रत्येक प्रदूषकाचे दिवसाचे वजन, त्याचे प्रमाण आणि मर्यादेपासूनचा फरक कारणासह द्यायचा असतो. ‘कारणासह’ हा शब्द महत्त्वाचा. ती जागा कोरी किंवा ‘लागू नाही’ असेल तर विवरण अर्धवट समजावे. बिघाडामुळे मर्यादा ओलांडली गेली, किंवा ओलांडली जाईल अशी भीती असली, तरी कलम २३ प्रमाणे मंडळाला ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२४ पासून या कायद्यातल्या बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे.

आता मूळ प्रश्न: घनमीटर म्हणजे कोणता घनमीटर? गरम वायू फुगतो. चिमणीत वायू साधारण १५० अंश सेल्सिअसला असतो, तर नियमातला ‘सामान्य घनमीटर’ २५ अंश तापमान, ७६० मिलिमीटर पाऱ्याचा दाब आणि शून्य बाष्प धरून मोजतात. चिमणीच्या आत बसवलेल्या उपकरणाने प्रत्यक्ष घनमीटरला १२० मिलिग्रॅम दाखवले, तर १५० च्या खाली आहे म्हणून कोणीही निश्चिंत होईल. पण तापमानाची दुरुस्ती करा: २७३ अधिक १५० म्हणजे ४२३, भागिले २९८, म्हणजे १.४२ पट. आकडा १७० झाला. बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते, त्यामुळे वायूत २० टक्के बाष्प सहज असते. ते वजा केले की १७० भागिले ०.८, म्हणजे २१३. धूळ तीच, उपकरण तेच. दुरुस्त्या न करता आकडा पाठवला तर मर्यादा मोडणारी चिमणी कागदावर पास होते. अहवालात तापमान आणि बाष्पाच्या ओळी नसतील तर धुळीच्या ओळीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

तिसरी दुरुस्ती कोळशाच्या बॉयलरना लागते. त्यांची मर्यादा वायूत १२ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे असे धरून ठरलेली आहे. पंखा वायू ओढत असल्याने वायू नेणाऱ्या डक्टच्या गळक्या जोडांतून आणि राख साठवणाऱ्या हॉपरच्या झाकणातून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो. कार्बन डायऑक्साइड ८ टक्केच भरला तर मोजलेल्या १०० ला १२ भागिले ८ ने गुणायचे, म्हणजे १५०. गळती मुद्दाम ठेवली असो वा दुर्लक्षाने, हे गणित ती उघडी पाडते.

हाताने मोजणी करायची तर चिमणीवर सुरक्षित जिना, फलाट आणि नमुन्याचे छिद्र लागते. छिद्र शेवटच्या वळणापासून व्यासाच्या आठ पट वर आणि चिमणीच्या तोंडापासून दोन पट खाली हवे. अडीच मीटर व्यासाच्या चिमणीत अनुक्रमे २० आणि ५ मीटर. त्याहून जवळ वायू घुसळत असतो आणि धूळ एका बाजूला गोळा होते, म्हणूनच एकाच बिंदूवर न थांबता व्यासाच्या आडव्या रेषेवर अनेक ठिकाणी नळी धरावी लागते. सर्वांत नाजूक भाग ओढण्याच्या वेगाचा. चिमणीत वायू सेकंदाला १२ मीटरने जात असेल तर नळीच्या तोंडातही त्याच वेगाने आत गेला पाहिजे. हळू ओढला तर जास्तीचा वायू नळीला वळसा घालून निघून जातो, पण जड कण वळू शकत नाहीत, सरळ आत येतात, आकडा फुगतो. जोरात ओढला तर बाजूचा वायू आत येतो, त्यातले जड कण मात्र नळी चुकवून पुढे जातात; आकडा घटतो. पकडलेली धूळ थिंबल नावाच्या गाळणीत बसते आणि त्या धुळीचे वजन मिलिग्रॅमांतच असते. थिंबल मोजणीच्या आधी व नंतर सारखीच वाळवली नाही, तर ओलाव्याचे वजन धुळीत मिसळते.

हे सगळे नीट झाले तरी तो दिवसातला अर्धा-एक तास असतो. बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी वाफेने झाडली जाते त्या वेळी चिमणी काळी होते, आणि नमुना बहुधा त्या वेळी घेतला जात नाही. बॉयलर तेव्हा किती टन वाफ देत होता, हे अहवालात लिहिलेलेच असले पाहिजे. निम्म्या भारावर घेतलेला नमुना पूर्ण हंगामाचा साक्षीदार होऊ शकत नाही.

या अडचणीमुळेच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितले. साखर, आसवनी (मद्यार्क बनवणारे कारखाने) आणि औष्णिक वीज त्यात आहेत. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले आज चालणारे तिन्ही २५० मेगावॉटचे संच याच नियमात येतात आणि त्यांना धुळीची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. दर १५ मिनिटांची सरासरी म्हणजे दिवसाला ९६ आकडे. मात्र यंत्र बसले म्हणजे काम झाले, असे नाही. प्रकाशकिरणावर चालणाऱ्या मापकाचे भिंग स्वच्छ ठेवणारा हवेचा छोटा पंखा बंद पडला की भिंगावर काजळी चढते. पाण्याने धूर धुणाऱ्या वेट स्क्रबरनंतरच्या ओल्या वायूत हेच मापक पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजते. तिथे नमुना तापवून मोजणारा मापक लागतो. मापकाचे प्रमाणीकरण, म्हणजे त्याच्या आकड्याची हाताने केलेल्या मोजणीशी जुळवणी, बगॅसवर केले आणि नंतर कोळसा जाळला, तर कणांचा आकार व रंग बदलतो आणि जुने समीकरण चुकते. आलेखात तासन्तास एकच आकडा दिसत असेल तर ती स्वच्छ चिमणी नव्हे, अडकलेले उपकरण असते. भट्टीतली आग इतकी स्थिर कधीच नसते.

मोजणाऱ्याचे पैसे कोण देतो, यालाही विज्ञानाइतकेच महत्त्व आहे. गुजरातमध्ये २००९ ते २०११ दरम्यान झालेल्या प्रयोगात असे दिसले की, कारखान्याने निवडलेल्या आणि पैसे दिलेल्या पर्यावरण लेखापरीक्षकांचे धुळीचे आकडे १५० च्या किंचित खाली दाटीने जमत होते. परीक्षक चिठ्ठीने नेमले, मानधन सामायिक निधीतून दिले आणि काही मोजण्या पुन्हा तपासल्या, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले.

जालन्यात प्रश्न वेगळा आहे. तिथल्या पोलाद उद्योगातल्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत भंगार टाकताना तेल, रंग आणि जस्ताचा थर जळतो आणि पांढरट धूर उसळतो. धूर ओढून घेणारा हूड भट्टीपासून लांब किंवा एका बाजूला सरकवलेला असेल तर हा धूर छपराच्या फटींतून बाहेर जातो. चिमणीवरचे मापक त्याला पाहतच नाही. अशा ठिकाणी कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या चिमणीचा उत्तम आकडा फक्त इतकेच सांगतो की, धूर तिथवर पोचला नाही. इथे भंगार टाकताना पंख्याची ओढ किती आहे आणि छपरावर धूर दिसतो का, हे तपासावे लागते. जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत, म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकता येत नाही.

गावातून तक्रार करताना आधी वाफ आणि धूळ वेगळी ओळखा. पांढरी वाफ चिमणीपासून थोड्या अंतरावर विरून जाते. तिच्या पुढेही लांबवर टिकणारा करडा किंवा काळा पट्टा धुळीचा असतो. ‘रोज धूर येतो’ असे मोघम लिहू नका. तारीख, तास, मिनिटे, वाऱ्याची दिशा आणि पट्टा किती वेळ टिकला ते लिहा, म्हणजे मंडळाला त्या वेळेचे १५ मिनिटांचे आकडे काढून ताडता येतात. माहिती अधिकाराच्या अर्जात नुसता ‘चाचणी अहवाल’ मागण्यापेक्षा चिमणीचे तापमान, बाष्पाचे प्रमाण, कार्बन डायऑक्साइड, वायूचा वेग, बॉयलरचा भार आणि मापकाच्या शेवटच्या प्रमाणीकरणाची तारीख मागा. हवा कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात जाऊ शकतो, आणि तसे केल्यावर त्याने मागितलेले संबंधित अहवाल मंडळाने द्यायचे असतात. अपवाद फक्त सार्वजनिक हिताला बाधक ठरणाऱ्या अहवालांचा.