पार्श्वभूमी : परदेशी तुरुंगातले अमेरिकी नागरिक आणि कायदा

परदेशात नाहक कैदेत पडलेल्या नागरिकासाठी राष्ट्राध्यक्षांनी काय करायचं, हे अमेरिकेच्या कायद्यात १८६८ पासून लिहिलेलं आहे. आयरिश बंडाच्या प्रकरणात ब्रिटनने पकडलेल्यांपैकी काही जण अमेरिकेचे नागरिक झाले होते, पण ब्रिटन त्यांना आपलेच प्रजाजन मानत होतं. त्यावर, अमेरिकेतल्या ब्रिटिशांना धरून ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना द्यावा, असा मूळ प्रस्ताव होता. सिनेटने तो गाळला. जे उरलं ते आजही लागू आहे : अटकेचं कारण विचारा, ती अन्याय्य असेल तर सुटका मागा, नकार मिळाला तर युद्धाच्या थराला न जाणारे उपाय योजा.

मधला मोठा काळ सोडून थेट २०१५ कडे येऊ. सीरियात ओलीस ठेवलेल्या अमेरिकींच्या हत्यांनंतर कुटुंबीयांच्या संतापामुळे सरकारला आपलं धोरण तपासावं लागलं आणि ओलिसांसाठी विशेष दूताचं पद तयार झालं. त्याला कायद्याचा पाया मिळाला डिसेंबर २०२० मध्ये. इराणच्या किश बेटावरून २००७ मध्ये बेपत्ता झालेल्या निवृत्त एफबीआय अधिकाऱ्याच्या नावाचा हा कायदा अर्थसंकल्पी विधेयकाला जोडून मंजूर झाला.

खरा वाद आहे तो या कायद्यातल्या ‘अन्यायाने स्थानबद्ध’ या दर्जाचा. तो मिळेपर्यंत प्रकरण वाणिज्य दूतावासाकडे असतं, म्हणजे तुरुंगात भेट, वकिलांची यादी, घरच्यांना निरोप. दर्जा मिळाला की ते विशेष दूताकडे जातं आणि सुटकेच्या वाटाघाटींचा रस्ता उघडतो. निर्णय परराष्ट्रमंत्र्यांचा. त्यासाठी कायद्याने अकरा निकष दिलेत : निर्दोष असल्याची विश्वसनीय माहिती, केवळ अमेरिकी म्हणून झालेली अटक, सवलती उकळण्याचा हेतू, न्यायव्यवस्थेची पराधीनता वगैरे. पण किती निकष पुरे, ते कुठे लिहिलेलं नाही. निर्णयाला मुदत नाही, नकाराविरुद्ध अपिलाची तरतूद नाही.

याची झळ कशी बसते ते रशियातल्या दोन प्रकरणांत दिसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये एका शिक्षकाला वैद्यकीय कारणासाठी जवळ बाळगलेल्या थोड्याशा गांजावरून विमानतळावर पकडलं. शिक्षा १४ वर्षं. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका नामवंत बास्केटबॉलपटूला गांजाच्या तेलावरून पकडलं. शिक्षा ९ वर्षं. खेळाडूला तीन महिन्यांच्या आत दर्जा मिळाला आणि त्याच डिसेंबरात सुटका. तिला मिळालं ते योग्यच. पण शिक्षकाला दर्जा मिळायला २०२४ ची अखेर उजाडली. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या मोठ्या कैदी-अदलाबदलीतही तो नव्हता. सुटला फेब्रुवारी २०२५ मध्ये. दर्जा का दिला किंवा का नाकारला याची कागदपत्रं संसदेपुढे ठेवावीत, असं विधेयक त्याच्याच नावाने मांडलं गेलं.

सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने रोख देशांकडे वळवला. अमेरिकी नागरिकांना असं अडकवणाऱ्या देशाला तसं जाहीर करून निर्बंध, व्हिसाबंदी, प्रवासबंदी लादता येते. कैद्याच्या कुटुंबाला किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे मात्र त्या आदेशातही ठरलेलं नाही.